शीरखुर्म्यापलीकडचा शेजार

रमजानचा शेवटचा आठवडा आला की वर्तमानपत्रांत एक ठरलेला फोटो येतो. लांब टेबलावर पांढरे कापड, त्याभोवती आमदार, पोलीस अधिकारी, मशिदीचे ट्रस्टी, शेजारच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक खजूर. खाली ओळ असते, सर्वधर्मसमभावाचे दर्शन. दिवाळीत हाच फोटो फराळाच्या ताटासह येतो, माणसेही बहुधा तीच. आम्ही या फोटोंची चेष्टा करू इच्छीत नाही. ईदच्या सकाळी शेजारच्या दारात शीरखुर्म्याचा वाडगा गेलाच पाहिजे, आणि दिवाळीला तोच वाडगा चकल्या-करंज्या घेऊन परत आला की घरातल्या मुलांना होणारा आनंद अगदी खरा असतो. पण एक गोष्ट मनातून जात नाही. आपल्या राज्यात ज्या ज्या शहरांत दंगली झाल्या, तिथेही आदल्या वर्षीपर्यंत वाडगे जात-येत होतेच. मग ऐनवेळी काय कमी पडले?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको. ठाण्याच्या पलीकडे भिवंडी आहे.

भिवंडीचे नाव घेतले की आपल्या पिढीतल्या अनेकांच्या डोळ्यांपुढे अजून आगीच येतात, आणि ते साहजिक आहे. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून तिथे दंगल सुरू झाली, तिचे लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेले. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. त्यानंतर चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, पुन्हा तेच. या वेळी आग भिवंडीत न थांबता ठाणे, कल्याण, मुंबईत पोहोचली आणि सगळे मिळून अडीचशेहून अधिक माणसे गेली. ज्या घरांतली माणसे गेली त्या घरांना या आकड्यात काय दिसते ते आपण लिहून सांगू शकणार नाही.

आता यातली नीट पाहण्यासारखी गोष्ट अशी की भिवंडी हे काही हिंदू आणि मुसलमान यांनी एकमेकांकडे पाठ फिरवून राहण्याचे गाव नव्हते. ते मागांचे गाव. उत्तर प्रदेशातून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आलेले मोमीन-अन्सारी विणकर, मूळचे कोकणी मुसलमान, तेलंगणातून आलेले पद्मशाली, सुताचा व्यापार करणारे गुजराती आणि मारवाडी, आसपासच्या गावांतले आगरी आणि कुणबी, बिहार-उत्तर प्रदेशातले हिंदू-मुसलमान कामगार. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, त्यावर उभा राहणारा तिसरा, आणि तयार झालेले कोरे कापड विकत घेणारा चौथा. सूत उधारीवर मिळायचे, म्हणजे एकमेकांवर विश्वासही होता. एकाचा धंदा बसला तर बाकीच्या तिघांची चूल विझेल अशी ही गाठ. तरीही १९७० झाले, तरीही १९८४ झाले.

एकमेकांची गरज असली की माणसे आपोआप सांभाळून राहतात, असे आपल्याकडे भाषणांतून सांगितले जाते. व्यापाराचे धागे, रोटीचे नाते वगैरे. भिवंडीने ते दोनदा खोटे पाडले. व्यापारी आणि मागवाला रोज भेटत होते, पण हिशेबापुरते. सुताचा भाव सोडून त्यांच्यात दुसरा विषय नव्हता. मिरवणुकीचा मार्ग, मशिदीसमोरचे वाद्य, कोणाच्या तरी पोराने केलेली खोडी, यांवर बोलायची वेळ आली तेव्हा बोलणार कोण आणि कुठे, हे ठरलेलेच नव्हते. त्या वेळी बोलायला पुढे आले ते दोन्हीकडचे पुढारी, आणि पुढाऱ्याचे पोट शांततेवर भरत नाही.

१९८८ मध्ये भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. दंगल झाल्यावर लाठी कशी चालवायची यापेक्षा ती होतेच का, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. शहरात तोवर शांतता समित्या नव्हत्या असे नाही. पण त्या सण तोंडावर आला किंवा कुठे दगड पडला की बोलावल्या जायच्या, आणि त्यांत बसायची ती नेहमीची वजनदार मंडळी. खोपडे यांनी ही पद्धत उलटी केली. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या नेमल्या, शहरभर सुमारे सत्तर. त्यांत दोन्ही समाजांची माणसे सारख्या संख्येने. गुन्हेगारी नोंद असलेल्याला जागा नाही. सदस्य म्हणून मागवाला, दुकानदार, शिक्षक, रिक्षावाला अशी साधी माणसे. आणि मुख्य म्हणजे बैठका सण असो वा नसो, काही घडलेले असो वा नसो, नेमाने व्हायच्या, पोलिसांच्या उपस्थितीत.

या बैठकांत रोज राष्ट्रीय एकात्मतेवर चर्चा होत असेल असे कोणी समजू नये. गल्लीतल्या कुरबुरी, भांडणतंटे, पोलिसांविषयीच्या तक्रारी, असलेच विषय. आमच्या मते त्यांची सगळी ताकद त्या कंटाळवाणेपणात होती. महिन्यामागून महिने एकाच खोलीत बसून गटार या विषयावर वाद घातलेल्या दोन माणसांना एकमेकांची खूप माहिती झालेली असते. कोण बढाईखोर, कोण शब्दाचा पक्का, कोण चटकन तापतो पण मनात ठेवत नाही, सगळे कळते. आणि आपल्या लोकांच्या दृष्टीने त्याहूनही महत्त्वाचे हे की पोलीस हा माणूस प्रथमच दंगलीखेरीज इतर वेळी, काठीशिवाय, खुर्चीवर बसलेला दिसला. पोलिसालाही मोहल्ल्यातली माणसे संशयित म्हणून नाही तर नावाने माहीत झाली.

मग आला डिसेंबर १९९२. अयोध्येत मशीद पाडली गेली आणि मुंबई डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीत जळली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार मुंबईत ९०० माणसे गेली. इकडे भिवंडी, जिच्यावर सगळ्यांची नजर होती, जिथे ठिणगी पडेल अशी प्रत्येकाची खात्री होती, ती शांत राहिली. अफवा तिथेही आल्या असणारच, मुंबईहून येणारी प्रत्येक गाडी एक बातमी घेऊन येत होती. पण बातमी आली की ती खरी का खोटी हे विचारायला समोरच्या गल्लीत एक ओळखीचा माणूस होता. खोपडे यांनी पुढे या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्याचे नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असे आहे. ते मराठीत आहे आणि आपल्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात असायला हवे.

हाच प्रश्न आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने देशभर घेऊन पाहिला. १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची त्यांनी मोजदाद केली, तेव्हा दिसले की दंगलीतल्या एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे फक्त आठ शहरांत झाले होते. खेड्यांतले मृत्यू चार टक्क्यांहूनही कमी. म्हणजे हिंदू-मुसलमान एकत्र राहिले की भांडणारच, ही जी गोष्ट दोन्हीकडचे लोक इतक्या खात्रीने सांगतात तिला आकड्यांचा आधार नाही. बहुतेक ठिकाणी, बहुतेक वर्षे, काहीच झाले नव्हते. त्यांनी मग सारख्या वाटणाऱ्या शहरांच्या जोड्या लावल्या. केरळचे कोझिकोड आणि उत्तर प्रदेशचे अलीगढ, दोन्हीकडे मुसलमान साधारण सारख्याच प्रमाणात, छत्तीस-अडतीस टक्के. एक शांत, दुसरे पुन्हा पुन्हा पेटणारे. फरक कुठे होता? कोझिकोडमध्ये व्यापाऱ्यांच्या संघटना, हमालांच्या युनियन, वाचनालये, क्लब हे सगळे मिश्र होते. अलीगढमध्ये बहुतेक गोष्टी दोन-दोन होत्या, यांची वेगळी, त्यांची वेगळी. आपली मुले दुसऱ्या समाजाच्या मुलांबरोबर खेळतात का, असे विचारल्यावर कोझिकोडमध्ये सुमारे नव्वद टक्के कुटुंबे हो म्हणाली, अलीगढमध्ये बेचाळीस टक्के.

खेडे आणि शहर यांतला भेदही त्यांनी उलगडून दाखवला. खेड्यात माणूस माणसाला ओळखतो, तिथे वेगळी समिती कशाला हवी? पारावर भेट होतेच. शहरात लाखो लोकांना कोण ओळखणार, म्हणून तिथे ओळखीचे काम संस्थांना करावे लागते. अर्थात हे संशोधन १९९५ पर्यंतचे. २०१३ मध्ये मुजफ्फरनगरची खेडीही पेटली आणि हजारो कुटुंबे कायमची घरे सोडून गेली. तिथे ज्या गोष्टींनी आग लावली त्यांत एक व्हिडिओ होता. दोन मुलांना जमाव ठेचून मारतो आहे, असा. तो पाकिस्तानातल्या सियालकोटचा, काही वर्षांपूर्वीचा होता. पण तो इथलाच म्हणून फोनवरून फोनवर गेला. पाराची ओळख या यंत्रापुढे टिकली नाही.

अफवेबद्दल बोलतोच आहोत तर धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याची आठवण काढली पाहिजे, कारण ती घटना आपण आपली मानत नाही. १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातल्या या छोट्या गावात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसे होती, सोलापूर जिल्ह्यातून आलेली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश त्या भागात फोनवरून फिरत होते. मारणारे हिंदू-मुसलमान वादातले नव्हते, मरणारेही नव्हते. ती माणसे फक्त परकी होती. त्या बाजारात, हे अमक्या गावचे, दरवर्षी येतात, मी यांना ओळखतो, असे ओरडून सांगणारा एकही माणूस त्यांच्या नशिबी आला नाही. आपल्या समाजात कोणी मारले गेले की आपण धर्म शोधतो, आणि बऱ्याचदा तो तिथे असतोही. पण राईनपाडा सांगतो की त्याच्याही खाली एक थर आहे, अनोळखीचा. धर्माचे विष त्या थरात रुजते.

आता आपल्या घरांकडे वळू, कारण हा स्तंभ घरांसाठी आहे.

मुंबईच्या दंगलीनंतर आपल्यापैकी हजारो कुटुंबांनी मिश्र वस्ती सोडली. मुंब्रा त्यानंतर बघता बघता वाढला. मीरा रोडचा नयानगर, पुण्याचा कोंढवा, प्रत्येक शहराचा असा एक पत्ता झाला. जी माणसे गेली ती जीव मुठीत धरून गेली. त्यांना आज कोणी, तुम्ही घेट्टो का केलात, असे विचारणे हा आम्हाला निव्वळ निर्दयपणा वाटतो. शिवाय पुढच्या पिढीतल्या ज्यांना मिश्र वस्तीत जायचे आहे त्यांचा अनुभव काय? फोनवर सगळे ठरते, भाडे, डिपॉझिट, किल्ली कधी मिळणार तेही. मग नाव विचारले जाते, आणि एजंट खालच्या आवाजात सांगतो, मला काही नाही हो, सोसायटी देत नाही. असे सांगणारी पत्रे आम्हाला येतात आणि त्यांत अतिशयोक्ती आहे असे आम्हाला कधी वाटले नाही. कायद्याचीही फार मदत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात, सदस्यत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा तिचा नियम वैध ठरवला. पारशी समाज इवलासा, त्याची काळजी आपण समजू शकतो. पण तोच नियम मोठ्या संख्येच्या हाती गेला की शहराचे कप्पे पडतात.

तर दोष कुणाचा, हा हिशेब एकीकडे ठेवू. परिणाम मात्र घरात येऊन बसला आहे. मुंब्र्यात वाढणाऱ्या मुलीला बारावीपर्यंत एकही हिंदू मैत्रीण नसू शकते. तिची शाळा, शिकवणी, दवाखाना, दुकान सगळे मोहल्ल्यातच. आणि डोंबिवलीत वाढणाऱ्या मुलाला एकही मुसलमान मित्र नसू शकतो. तो आपल्याला ओळखतो तो बातम्यांतून, सिनेमातून आणि काकांनी पाठवलेल्या संदेशांतून. ही दोन मुले प्रथम भेटतील ती कॉलेजात किंवा नोकरीत, तेव्हा दोघांच्या डोक्यात एकमेकांविषयी एक तयार चित्र असेल. ते चित्र पुसायला वेळ मिळाला तर ठीक.

हे सांगताना काही मंडळी म्हणतात, आपल्यातच राहिले की दीन सांभाळला जातो, मुले बिघडत नाहीत. या काळजीला आम्ही हलके लेखत नाही. पण दीन कोणत्या वातावरणात आकाराला आला हेही आठवावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या तरुणपणी मक्केत एक घटना घडली. यमनकडच्या जबीदचा एक व्यापारी माल घेऊन आला. मक्केतल्या एका बड्या सरदाराने तो विकत घेतला आणि पैसे द्यायला नकार दिला. परका माणूस, पाठीशी टोळी नाही. त्याने डोंगरावर चढून शहराला हाक मारली. तेव्हा काही टोळ्यांचे लोक अब्दुल्ला इब्न जुदआन यांच्या घरी जमले आणि त्यांनी करार केला, की मक्केत कोणावर अन्याय झाला, तो आपला असो वा परका, तर सगळे मिळून त्याच्या बाजूने उभे राहायचे. हाच तो हिल्फुल फुजूल. त्या बैठकीत प्रेषित (स.) हजर होते. तेव्हा प्रेषित्व यायचे होते, जमलेले लोक मुसलमान नव्हते. तरीही पुढे, इस्लाम आल्यानंतर, त्यांनी त्या कराराची आठवण अभिमानाने काढली आणि आजही त्यासाठी कोणी बोलावले तर मी जाईन असा आशय सांगितला. मिलादच्या जलशांत हा प्रसंग आपण ऐकतो, सुभानल्लाह म्हणतो आणि घरी येतो. एका परक्या व्यापाऱ्याचे बुडालेले पैसे वसूल करण्यासाठी भरलेली बैठक होती ती, हे मात्र निसटून जाते.

मदीनेचेही तसेच. इ. स. ६२२ मध्ये हिजरत झाली तेव्हा ते शहर औस आणि खजरज यांच्या जुन्या लढायांनी थकले होते. त्यांच्याशिवाय ज्यू टोळ्या होत्या आणि आता मक्केहून आलेले मुहाजिर. अशा शहरासाठी जो लेखी करार झाला, ज्याला आपण मीसाके मदीना म्हणतो, त्यात प्रत्येकाचा धर्म ज्याचा त्याच्याकडे राहील हे मान्य केलेले आहे. पण त्याचा बराचसा भाग रोकड्या व्यवहाराचा आहे. खुनाची भरपाई कोणी द्यायची, कैद्याची खंडणी कोणी भरायची, शहरावर हल्ला झाला तर खर्च कोणी सोसायचा, गुन्हेगाराला कोणी आसरा द्यायचा नाही, तंटा झाला तर निवाडा कोणाकडे न्यायचा. आमच्यासारख्या, भाईचाऱ्याची भाषणे ऐकून वाढलेल्या माणसांना तो दस्तऐवज पहिल्यांदा वाचताना थोडा रुक्षच वाटतो. खर्च, भरपाई, निवाडा. सोसायटीच्या उपविधींची आठवण यावी असा. त्या रुक्षपणामागे शहाणपण आहे. माणसांची मने जुळतील तेव्हा जुळतील, तोवर खर्च कोणी सोसायचा हे तरी ठरलेले असावे.

म्हणून आमचे सांगणे असे आहे, की शीरखुर्मा द्यायचाच, पण तो देऊन झाला म्हणजे शेजारधर्म झाला असे समजू नये. आपली माणसे जिथे सगळ्यांचे काम चालते तिथे दिसली पाहिजेत. आज ती दिसत नाहीत, हे मान्य करायला हवे. मशिदीच्या ट्रस्टची निवडणूक असली तर आपण रात्र रात्र जागतो. मदरशासाठी चंदा हवा असेल तर आपल्यासारखे दानशूर आपणच. पण मिश्र सोसायटीत राहणाऱ्या आपल्या किती कुटुंबांतून वार्षिक सभेला कोणी जाते? वाद नको म्हणून आपण मेंटेनन्स वेळेवर भरतो आणि सभेला जात नाही. त्यामुळे आपण शांत, सभ्य, पण अनोळखी राहतो. आणि बकरी ईद आली की त्याच सोसायटीशी बोलायची वेळ येते. वर्षभरात एकदाही न बोललेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा बोलतो, तोही परवानगी मागायला किंवा भांडायला. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा करताना जो तुमच्याबरोबर चार मजले चढला आहे, त्याच्याशी याच विषयावर बोलणे फार सोपे जाते. कधी तो नाहीच म्हणेल. पण निदान दाराआडून म्हणणार नाही.

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. म्हणजे आयांसाठी इतकी उघडी दुसरी जागा या देशात क्वचितच असेल. मुलांचे पोषण आहाराचे ताट, मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार, वर्गातला बंद पंखा यांवर हिंदू, मुसलमान, बौद्ध आया एकत्र बसून मुख्याध्यापकांना प्रश्न विचारू शकतात. बुरखा घालून बसायचे की दुपट्टा घेऊन, तो तुमचा प्रश्न. खुर्ची मात्र रिकामी ठेवू नका. अनेक ठिकाणी ही समिती कागदावरच असते, सह्या घरी पाठवून घेतल्या जातात. सही करण्याआधी बैठक कधी झाली एवढे विचारले तरी पुरे. बचत गटांचेही असेच आहे. आपल्या बायकांचे गट बरेच आहेत आणि चांगले चालतात, पण बहुतेक फक्त आपल्याच बायकांचे. शेजारच्या गल्लीतल्या चौघी त्यात आल्या तर कर्जाच्या हप्त्यांबरोबर आणखीही काही फिरू लागते.

आणि भाषा. हे मासिक मराठीत निघते, म्हणून तुम्हाला हे सांगण्याची फार गरज नसावी. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ग्रंथ लिहिले, तेव्हा त्यांना ही भाषा परकी वाटली नाही. उर्दू शिकावी, ती आपली ठेव आहे, आणि उर्दू शाळा नीट चालाव्यात यासाठी भांडावेही. पण उर्दू माध्यमातल्या मुलाला सफाईने मराठी बोलता आले नाही, तर सभेत तो हात वर करणार नाही. त्याच्या वतीने कोणी तरी पुढारी बोलेल. मघाशी म्हटले ते पुढारी हेच.

इथे कोणी विचारेल, आणि विचारावेच, की एवढ्या बैठकांनी सगळे निभावते का? नाही. भिवंडीचेच पाहा. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मारले गेले, आणि नंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. ज्या शहराने जगाला दाखवले होते की पोलीस आणि मोहल्ला एका खोलीत बसू शकतात, तिथेच हे घडले. त्याचे हिंदू-मुस्लिम दंगलीत रूपांतर झाले नाही, ही लहान गोष्ट नव्हे, पण चार घरांना तिचे काय? समिती एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभी असेल तर त्याची बदली झाली की ती हळूहळू फोटोपुरती उरते. पुन्हा सणापुरती बोलावली जाते, पुन्हा वजनदार मंडळी पुढच्या रांगेत बसतात, ओळखपत्रे वाटली जातात आणि काही जण ती गाडीच्या काचेमागे ठेवून फिरतात. हे रोखायचे तर समितीतल्या साध्या माणसांनीच बैठक मागितली पाहिजे. पोलिसांनी बोलावण्याची वाट पाहिली तर ते काहीतरी घडल्यावरच बोलावणार.

आणि राज्य चालवणाऱ्यांची जबाबदारी यातून सुटत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. दंगल करणाऱ्याला शिक्षा झाली नाही, पोलीस एका बाजूला झुकले, नेत्याने भाषणात विष ओकले, तर हजार गल्ल्यांतल्या हजार बैठका त्या दिवसापुरत्या हतबल होतात. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाचे काय झाले हे आपल्याला माहीत आहे. न्याय मागत राहिले पाहिजे, कोर्टात, विधानसभेत, वर्तमानपत्रांत. पण न्याय मिळेपर्यंत जिन्यात भेटणाऱ्या माणसाशी बोलायचे नाही, असे तर कोणी सांगितलेले नाही. खोपडे भिवंडीत आले तेव्हा १९८४ च्या जखमा फक्त चार वर्षांच्या होत्या. ज्यांच्या घरातली माणसे गेली होती असे लोकही त्या शहरात होते. त्या वातावरणात ते पहिल्या बैठकीला कोणत्या मनाने जाऊन बसले असतील, शेजारच्या खुर्चीकडे पाहून त्यांच्या पोटात काय झाले असेल, याचा विचार आम्ही अनेकदा करतो. कोणी त्यांचे सत्कार केल्याचे ऐकिवात नाही.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. नोटीस जिन्याजवळच्या फळ्यावर लागते, बरोबर विषयपत्रिका आणि ताळेबंद. सभा बहुधा रविवारी सकाळी असते, वेळेवर चारच माणसे येतात आणि गणसंख्या नाही म्हणून ती अर्ध्या तासाने पुढे ढकलली जाते. तो अर्धा तास सगळे पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून असतात. कोणीतरी चहा सांगतो.